लंबर पंक्चर ठरलंय: आधी काय विचारून घेऊ, नंतर किती वेळ झोपून राहू?

निळीशाई

काही महिन्यांपासून उजव्या पायाला मुंग्या येतायत, मध्ये एका डोळ्याला धूसर दिसत होतं. एमआरआयमध्ये पांढरे डाग आले. न्यूरॉलॉजिस्टना एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) शंका आहे आणि त्यांनी पुढच्या मंगळवारी एलपी (लंबर पंक्चर) करायला सांगितलीय. त्यांनी सगळं नीट समजावलं असणार, पण "मणक्यातून पाणी काढायचं" एवढं कानावर पडलं आणि पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

घरी जो तो वेगळं सांगतोय. आत्या म्हणते कंबर कायमची धरते. काकू म्हणतात चोवीस तास उशी न घेता उताणं पडायचं, मान सुद्धा उचलायची नाही. नवरा म्हणतो काही होत नाही, साधं इंजेक्शन आहे. (त्याला द्यायचं नाहीये म्हणून.)

ज्यांची झालीय किंवा जे या कामात आहेत त्यांनी सांगा: दुखतं किती? उपाशी जायचं का? दुसऱ्या दिवशी ऑफिस जमेल का? वय ३१, अंगाने बारीक, अर्धशिशी कॉलेजपासून आहे.

पायरीवरचा

माझी झालीय. तुमच्या नवऱ्याचं आणि आत्यांचं, दोघांचंही अर्धंअर्धं बरोबर नाही.

कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. समोर एक सिस्टर उभ्या राहून गुडघे आणि खांदा धरतात, म्हणजे तुम्ही दचकून सरळ होऊ नये. पाठ जितकी गोल कराल तितक्या मणक्यांमधल्या फटी उघडतात, त्यामुळे इथे लाजून अर्धवट वाकू नका. मागून गार गार काहीतरी फासतात, मग बराच वेळ बोटाने मणके चाचपतात. हे चाचपणंच मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटलं, कारण दिसत काहीच नाही.

मग भुलीचं इंजेक्शन. हे झोंबतं. खरं दुखणं म्हणाल तर एवढंच. त्यानंतर मोठी सुई जाते तेव्हा टोचत नाही, दाबल्यासारखं वाटतं, आत खोलवर कोणीतरी अंगठा रोवतंय तसं. माझ्या डाव्या मांडीत मध्येच विजेचा झटका आल्यासारखी कळ गेली. मी न हलता "डाव्या पायात गेलं" एवढंच बोललो. डॉक्टर थांबले, सुई जरा मागे घेतली, दिशा बदलली, कळ गेली. बाजू सांगणं महत्त्वाचं, त्यावरून त्यांना सुई कुठे कललीय ते कळतं.

मग म्हणाले पाय थोडे सैल सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या. सुईला उभी नळी लावून दाब मोजला आणि नंतर थेंब थेंब बाटल्यांत घेतलं. ओढून काढत नाहीत, आपोआप ठिबकतं, म्हणून वेळ लागतो. मला बाटली दाखवली. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. सगळं मिळून अर्धा तास धरून चाला, सुई आत असते तो वेळ त्याहून बराच कमी.

गोगलगाय

घाबरवायचं नाही, पण माझ्या चुलतभावाच्या मित्राच्या ओळखीत एकांना पाठीतलं पाणी काढल्यावर पायच गेले म्हणे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आधी.

रात्रपाळी

गोगलगाय, असं म्हणून झाल्यावर माणूस घाबरतोच हो. मी न्यूरो वॉर्डला सिस्टर आहे, ही भीती रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. म्हणजे जिथे सुई जाते तिथे मज्जारज्जू नसतोच, तिथल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच) फक्त नसांचे सुटे धागे तरंगत असतात आणि सुई आली की बहुतेक वेळा ते बाजूला सरकतात. पायरीवरचा यांना आली ती कळ अशाच एका धाग्याला सुई लागल्याची. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे कठडे हाताने शोधून मधे रेघ धरली की ती साधारण चौथ्या मणक्यावर येते. ते चाचपणं त्यासाठी असतं. सिझेरियनला पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल देतात ना, ती सुई याच भागातून जाते, फक्त तिथे औषध आत घालतात आणि इथे पाणी बाहेर घेतात. पाय जाण्याइतकी इजा अतिशय दुर्मीळ. ती होते तेव्हा बहुधा आत रक्त साठून नसांवर दाब आल्यामुळे, आणि त्यासाठीच आधी औषधांची एवढी चौकशी करतात.

त्यामुळे निळीशाई, तुमची पहिली तयारी म्हणजे औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, नवीन प्रकारच्या गोळ्या, हेपॅरिनची इंजेक्शनं) चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतात. नुसती ॲस्पिरिन बहुतेक ठिकाणी बंद करायला लावत नाहीत, पण सांगायची. अर्धशिशीसाठी जे काही घेता तेही यादीत लिहा. भुलीच्या औषधाची किंवा आयोडिनची ॲलर्जी, पाठीचं जुनं ऑपरेशन, कण्याला बाक, गरोदर असण्याची शक्यता, हे विचारलं नाही तरी सांगा. आधी रक्त तपासतात, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची.

उपाशी राहायची सहसा गरज नसते, झोपेचं औषध देणार असतील तरच. उलट व्यवस्थित खाऊन-पिऊन या, पोट रिकामं असलं की घाबरून चक्कर येणारे फार. सुईच्या आधी लघवीला जाऊन या. कपडे मागून सहज वर घेता येतील असे.

आता डोकेदुखी. तुम्ही वय, वजन, अर्धशिशी आपणहून लिहिलंत ते बरं झालं, कारण एलपीनंतरची डोकेदुखी तरुण, बारीक बायकांना आणि आधीपासून डोकं दुखणाऱ्यांना जास्त होते. सुईने या पाण्याभोवतीच्या आवरणाला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहतं आणि आतला दाब कमी होतो, म्हणून ती होते. ओळखायची सोपी खूण: उठून बसलं की दुखतं, आडवं झालं की थोड्या वेळात उतरतं. साधारण एक-दोन दिवसांत सुरू होते आणि बहुतेकांची आठवड्याभरात आपोआप जाते.

ती टाळायला सगळ्यात जास्त उपयोग सुईचा. टोक धारदार कापलेली नेहमीची सुई असते आणि पेन्सिलीच्या टोकासारखी बोथट सुई असते, जी आवरण कापत नाही, तंतू बाजूला सारून जाते. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १०० हून अधिक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. त्यात नेहमीच्या सुईने साधारण ११ टक्के लोकांना डोकेदुखी झाली, बोथट सुईने ४ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "बोथट टोकाची सुई वापरणार का?" यात उद्धटपणा काही नाही. आमच्याकडे कोणी विचारलं तर उलट बरं वाटतं.

आणि काकूंना सांगा, चोवीस तास उताणं झोपल्याने डोकेदुखी टळत नाही. यावर बरेच अभ्यास झालेत, लगेच उठवलेल्यांत आणि तासन्‌तास झोपवून ठेवलेल्यांत फायद्याचा फरक सापडला नाही. तरी अनेक ठिकाणी एक-दोन तास झोपवतात, ते तुमच्यावर लक्ष ठेवायला आणि चक्कर येऊन पडू नये म्हणून. त्याला हरकत घेऊ नका. पण घरी जाऊन मान न हलवता पडून राहायचं काही कारण नाही.

निळीशाई

रात्रपाळी ताई, खूप आभार. "मज्जारज्जू तिथे नसतोच" हे वाक्य आत्याला तीनदा वाचून दाखवलं.

डोकं दुखलंच तर काय करायचं? आणि एवढं पाणी काढल्यावर ते भरून यायला किती दिवस?

रात्रपाळी

भरून यायला दिवस नाही, तास. अंगात एका वेळी साधारण १५० मिलि हे पाणी असतं आणि शरीर दिवसाला जवळजवळ ५०० मिलि नवीन बनवतं. तुमचं घेतील १०-२० मिलि. तेवढं तासाभरात तयार होतं.

डोकं दुखलं तर आडवं व्हायचं, पाणी पीत राहायचं, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, आणि चहा-कॉफी चालते, कॅफिनचा थोडा उपयोग होतो. तेवढ्याने भागलं नाही, उठणंच अशक्य झालं, तर "ब्लड पॅच" करतात: तुमच्याच हातातून साधारण २० मिलि रक्त घेऊन पाठीत त्या भोकाबाहेरच्या जागेत सोडतात, ते गोठून भोक बुजवतं. ऐकायला भयंकर आहे, पण टेबलावरच बरं वाटू लागलेले पेशंट मी पाहिलेत.

ही डोकेदुखी पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती एका डॉक्टरने स्वतःच्या अनुभवावरून. १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवरच करून घ्यायला लावला. सिरिंज सुईला बसेना, पाणी बरंच वाहून गेलं, आणि पुढे कित्येक दिवस साहेब उभे राहिले की डोकं ठणके आणि झोपले की थांबे. सुई अर्थातच तेव्हाची, आजच्यापेक्षा खूप जाड.

जुनाजाणता

माझ्या वडिलांची केली होती, कारण वेगळं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, विसराळूपणा वाढला होता, मेंदूत पाणी साठल्याची शंका होती. अशा वेळी ३० ते ५० मिलि काढतात आणि आधी-नंतरची चाल तपासतात. त्यामुळे कोणी "आमच्यांचं खूप काढलं" म्हणालं तर कशासाठी ते आधी विचारा.

दोन गोष्टी. त्यांना हृदयात स्टेंट होता. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या आणि न्यूरोच्या डॉक्टरांनी बोलून ठरवलं. आपल्या मनाने गोळी बंद करण्यात एलपीपेक्षा मोठा धोका आहे. दुसरं, वयामुळे मणके झिजून फटी बुजलेल्या, कुशीवर काही जमेना, म्हणून बसवून, उशीवर ओणवं करून केली. तसंही जमलं नसतं तर एक्स-रेच्या पडद्यावर बघून करता येते असं सांगितलं होतं.

चिमणीची_आई

लहान मुलांसाठी कोणी शोधत इथे आलं तर: सुन्न करणारं मलम साधारण तासभर आधी लावावं लागतं, ऐनवेळी लावून उपयोग नाही, म्हणून आधीच विचारा. मुलगी रडली ती मुख्यतः घट्ट धरून ठेवल्यामुळे. तुम्हाला खोलीत थांबायचं नसेल तर थांबू नका, त्यात आई म्हणून कमी पडलात असं काही नाही.

पायरीवरचा

निळीशाई, रिपोर्टबद्दल एक. पेशी, प्रोटीन, साखर यांचे आकडे बहुधा त्याच दिवशी येतात. तुमच्यासाठी महत्त्वाची तपासणी म्हणजे ऑलिगोक्लोनल बँड (पाण्यातल्या अँटीबॉडींचे तपासणीत दिसणारे पट्टे), तिला काही दिवस लागतात. त्यासाठी हातातून रक्तही घेतात. ते विसरले तर आठवण करा, कारण बँड पाण्यात आहेत पण रक्तात नाहीत, यालाच अर्थ असतो.

माझे बँड पॉझिटिव्ह आले आणि मी रात्रभर नेटवर वाचत बसलो होतो. तसं करू नका. एमएस असलेल्या बहुतेकांमध्ये ते सापडतात हे खरं, पण इतर आजारांतही सापडतात, आणि नसले म्हणून एमएस नाहीच असंही नाही. एमएसच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांपासून मात्र त्यांचं वजन वाढलंय: लक्षणं आणि एमआरआय जुळत असतील आणि बँड असतील तर दुसरा झटका येईपर्यंत थांबून बघावं लागत नाही, निदान आधी होऊन औषध लवकर सुरू करता येतं. तुमच्या डॉक्टरांना एलपी हवीय ती बहुधा याच्यासाठी. विचारून बघा.

गोगलगाय

रात्रपाळी, माहितीबद्दल धन्यवाद. मी ऐकीव लिहिलं होतं. पण मग धोका काहीच नाही का?

रात्रपाळी

आहे की. कमरेत ठणका दोन-चार दिवस राहतो, तो धोका नव्हे. पण ताप, मान आखडणं, पायात ताकद कमी होणं किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा, लघवी अडणं, सुईच्या जागेतून पाणी किंवा रक्त झिरपत राहणं, आडवं झाल्यावरही न उतरणारी किंवा वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल. घरी निघताना रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा ते लिहून घ्या.

मेंदूत दाब वाढलाय किंवा गाठ आहे अशी शंका असेल तर आधी स्कॅन केल्याशिवाय एलपी करत नाहीत, कारण खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकू शकतो. निळीशाईंचा एमआरआय झालेलाच आहे.

निळीशाई

आज फोन करून सुईचं विचारलं. बोथट सुई आहे म्हणाले, फक्त आधी सांगितलं तर काढून ठेवतात. औषधांची यादी नवऱ्याने टाईप केली, रक्ताची आठवण मी करणार. शेवटचं: अंघोळ, गाडी, ऑफिस?

रात्रपाळी

पट्टी दुसऱ्या दिवशी काढा, मग अंघोळ करा. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, नवऱ्याला न्या. ऑफिस दुसऱ्या दिवशी अनेकांना जमतं, पण तुम्ही दोन दिवसांची रजा टाका, डोकं दुखलं नाही तर एक दिवस फुकटचा मिळेल. जड उचलणं, जिम आणि लॅपटॉपची भरलेली बॅग दोन-तीन दिवस नको.