कावीळ: लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी थोडा वाढलेला, अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त. कोल्हापुरात कुणाकडे जावं?

करवीर_७: वडील, वय 58. आठ दिवस डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. ताप नाही. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) 7.2, त्यात डायरेक्ट (लिव्हरमधून प्रक्रिया झालेलं) 5.8. एसजीपीटी 88, अल्कलाइन फॉस्फेटेज 510. सगळे झाडपाल्याचं औषध सुचवताहेत. पोटाचा डॉक्टर गाठावा की लिव्हरचा?

रंकाळा_काठ: दादा, ही पाण्यातली कावीळ वाटत नाही. 2012 साली इचलकरंजीत साथ आली ती हेपॅटायटिस ईची. तशा काविळीत लिव्हरच्या पेशींना इजा होते, म्हणून सुरुवातीला एसजीपीटी बहुधा हजाराच्या घरात जातो. इथं पित्त अडलं की वाढणारं फॉस्फेटेज नॉर्मलच्या चौपट आहे, म्हणजे पित्त तयार होतंय पण आतड्यात उतरत नाही. शौचाचा रंग पांढरट झालाय का?

उद्याच सहा-आठ तास उपाशीपोटी सोनोग्राफी करा. रिपोर्टात 'सीबीडी' म्हणजे मुख्य पित्तनळी किती मिलिमीटर आहे ते बघा. सातच्या वर असेल तर फुगलीय असं समजा. नळीचा खालचा भाग गॅसमुळे बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'खडा नाही' एवढं वाचून थांबू नका, पुढं एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) लागते. डॉक्टर एकच, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. फोनवर आधी विचारा, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करायची प्रोसिजर) तिथंच होते का? नसेल तर पेशंटची उगाच दुसरीकडं पळापळ होते.

पन्हाळा_पायथा: पीटी-आयएनआर (रक्त गोठायची टेस्ट) पण करा. पित्त आतड्यात नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. प्रोसिजरआधी ते इंजेक्शनानं भरून काढतात. थंडी वाजून ताप आला किंवा बडबड सुरू झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री सीपीआरच्या (कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या) कॅज्युअल्टीत न्या. पित्तनळीत जंतू शिरले तर काही तासांत बीपी उतरतं.

आणि हातावरून कावीळ 'उतरवायला' नेऊ नका. आंब्याच्या सालीचा रस चोळलेले हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी कुणाचंही पिवळं होतं.

करवीर_७: होय, शौच चार दिवस पांढऱ्या मातीसारखं. पण खडा असता तर पोटात दुखलं नसतं का?

रंकाळा_काठ: न दुखता वाढणारी कावीळ या वयात जास्त काळजीची. नळी आणि पित्ताशय दोन्ही फुगलेली निघाली तर स्वादुपिंडात गाठ आहे का हे बघायला कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) लागेल. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) तपासून घ्या. सीटी स्टेंट (पित्त उतरावं म्हणून पित्तनळीत बसवतात ती बारीक नळी) टाकायच्या आधीच करायला सांगा. नंतर केलं तर स्टेंटमुळे आणि सुजेमुळे गाठ नीट मोजता येत नाही, आणि ऑपरेशन होईल की नाही हे त्याच मापावर ठरतं.