वडिलांचा अंगठा लागत नाही, बहिणीच्या अर्जाची पावती नाही: सल्ला हवा

प्रश्न (चोपडा तालुका, सध्या पुणे):
गावी आई-वडील आणि धाकटी बहीण असतात. कापूस वेचून आणि निंदणी करून वडिलांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी सेवा केंद्रात दोनदा जाऊनही अंगठा लागला नाही. बहिणीच्या नॉन क्रिमीलेअरचा अर्ज त्याच केंद्रचालकाने भरला. मात्र अर्जाचे ऑनलाइन खाते त्याच्या मोबाइल क्रमांकावर उघडले आणि पावतीही दिली नाही. प्रवेशाची मुदत जवळ येत असल्याने मला फार काळजी वाटते. यातली कोणती कामे घरून करावीत?

उत्तर (शहादा):
दादा, अंगठ्याचा आग्रह सोडा. पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. वडिलांना ओसरीवर उजेडात बसवा आणि फोन बहिणीच्या हाती द्या. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर ओटीपीनेही तेच काम होते. नसेल, तर आधार केंद्रावर जाऊन तो आधी जोडून घ्या, कारण पुढची बहुतेक कामे त्यावरच अडतात. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले, तरीही क्रमांक जोडण्याचे महत्त्व आमच्याकडे कित्येकांना फार उशिरा कळले. सातबाऱ्यासाठी महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचे खाते काढा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. फुकट दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीपुरता असतो.

उत्तर (धुळे):
मला पावतीचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्क आहे, आणि तिच्यावर अर्ज क्रमांक व सेवा मिळण्याची मुदत नमूद असावी लागते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण हातात क्रमांकच नसेल, तर अपील कशाच्या आधारे करणार? म्हणून बहिणीने आजच केंद्रात जाऊन अर्ज क्रमांक मागून घ्यावा आणि आपले सरकार संकेतस्थळावर अर्ज कुठे अडला आहे ते पाहावे. पुढचे सगळे अर्ज तिच्या स्वतःच्या क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून करा, आणि ओटीपी कोणालाही, ओळखीच्या चालकालाही, फोनवर सांगू नका.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बहिणीने अर्ज क्रमांक मिळवला; अर्ज एका कागदाच्या त्रुटीमुळे परत आला होता आणि तो निरोप चालकाच्या मोबाइलवर पडून होता. तो कागद आज जोडला. वडिलांची ई-केवायसी तिसऱ्या प्रयत्नात, टोपी काढल्यावर झाली.