सीए इंटरनंतर आर्टिकलशिप: सोलापुरातच, की पुण्यातल्या बड्या फर्ममध्ये?

चादरकाठ:
जुलै २०२३ पासून सीएच्या विद्यार्थ्यांची आर्टिकलशिप (सीए फर्ममधलं सक्तीचं प्रशिक्षण) ३ वर्षांची २ झाली. तरी इंटरचे (मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप सुटले की आपली मुलं बॅग भरून पुण्याला निघतात. माझं मत स्पष्ट आहे: ही २ वर्षं सोलापुरातच काढावीत. मोठ्या फर्ममध्ये एका कंपनीच्या ऑडिटला मोठी टीम असते आणि नव्या आर्टिकलच्या (प्रशिक्षणार्थीच्या) वाट्याला बँक शिल्लक, स्थिर मालमत्ता किंवा पगार यातलं एखादंच खातं येतं. दुसऱ्या वर्षीही पुष्कळदा तेच, कारण मागची फाईल त्यालाच ठाऊक असते. इथे टॉवेल कारखान्याचं काम हाती आलं की टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) नोंदी, जीएसटीच्या २बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या विक्रीच्या यादीशी) जुळवणी, ३सीडी (टॅक्स ऑडिटचा तपशील-फॉर्म), प्राप्तिकर विवरणपत्र सगळं एकाच हातून जातं. ताळेबंदातला आकडा हलला की कर कुठे हलतो, ते तिथं समजतं.

पेपर_ट्रेल:
पटलं नाही. बऱ्याच लहान ऑफिसांत पहिले सहा महिने बँक स्टेटमेंट टॅलीत चढवण्यातच जातात. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (कर भरायचं विवरणपत्र), पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ऑडिट शिकायचं कधी? येणेकऱ्यांच्या शिल्लक-पत्रांचंच (‘तुमच्याकडे इतकी बाकी आहे, बरोबर का?’ असं विचारणाऱ्या पत्रांचंच) बघा. एसए ५०५ या ऑडिटच्या मानकाप्रमाणे पत्रावर ताबा ऑडिटरचा हवा आणि उत्तर थेट त्याच्याकडेच यायला हवं. आपल्याकडे पत्रांचा गठ्ठा पार्टीच्या (ज्याचं ऑडिट आहे त्याच्या) मुनीमाकडे देतात, तो सह्या गोळा करून आणतो. कागद मधल्या हातात गेला की पुरावा म्हणून त्याची किंमत गेली. मोठ्या फर्ममध्ये सीनियर असा कागद रिव्ह्यू नोट (तपासणीचा शेरा) टाकून परत करतो आणि उत्तर मिळेपर्यंत नोट बंद करत नाही. अहवालाच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांत फाईल कुलूपबंद होते, मग त्यात गुपचूप कागद घालता येत नाही. ही शिस्त सुरुवातीला लागली तर लागते, नंतर फार अवघड जातं.

थप्पी_मोजणी:
मी सोलापूरच्या बाजूचा, पण कारण वेगळं. इथे माल डोळ्यांसमोर असतो. साखरेच्या गोदामात थप्पी मोजताना लांबी, रुंदी, उंचीतली पोती गुणून आकडा येतो, पण थप्पी आतून पोकळ असेल तर तो आकडा खोटा. म्हणून वर चढून मधला भाग बघायचा, शंका आली तर बाजूची एक ओळ काढायला लावायची. साखर बँकेकडे मालतारण असेल तर बँकेच्या नोंदीशी त्याच तारखेला ताळा घ्यायचा.
यंत्रमागावर आणखी गुंतागुंत. सूत किलोत, कापड मीटरमध्ये किंवा नगात, आणि ३१ मार्चला मागावर चढलेली बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) अर्धवट विणलेली. तिचं मूल्य धरायचं राहिलं की नफा कमी दिसतो. जॉबवर्कला (दुसऱ्याकडून विणून घ्यायला) दिलेलं सूत एका वर्षात परत आलं नाही, तर जीएसटीत ते पाठवल्या दिवशीच विकलं असं धरतात.
१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४३बी(एच) मध्येही (लघुउद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही तर तो खर्च नामंजूर करणारं कलम) नीट न बघण्याची गफलत होते. सूतवाल्याकडे उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र दिसलं की ४५ दिवसांवरची थकबाकी सरसकट नामंजूर करून टाकतात. प्रमाणपत्रावर तो उत्पादक आहे की व्यापारी, ते आधी वाचा. निव्वळ व्यापाऱ्याला हे कलम सहसा लागत नाही.

पेपर_ट्रेल:
हे सगळं मोलाचं आहे, मान्य. पण साहेब आर्टिकलला गोदामात नेतात का? पुष्कळ ठिकाणी साठ्याची यादी पार्टीकडून येते, ‘व्यवस्थापनाने प्रमाणित’ असा शिक्का बसतो आणि संपलं.

मार्चएंड:
वेळेचं कुणीच बोललं नाही. नियमात आर्टिकलचे आठवड्याला ३५ तास आहेत. लिस्टेड कंपनीचे तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत द्यायचे असतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठ्या फर्ममध्ये रात्रीही कामात जातात. कंपनीची माहिती उशिरा येते, पार्टनरचे शेरे सगळ्यात शेवटी, आणि मधला ताण खालच्या पोरांवर. त्यात टाइमशीटवर (कामाच्या तासांच्या नोंदीत) बजेटमध्ये, म्हणजे त्या कामाला आधी ठरवलेल्या तासांत, बसतील तेवढेच तास लिहिले जातात, म्हणून पुढच्या वर्षीचं बजेटही तेवढंच तोकडं निघतं. खरे तास लिहा, हे मी प्रत्येक आर्टिकलला सांगेन. सोलापुरातही सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटला हेच होतं, आणि किमान विद्यावेतन आपल्या शहराच्या गटात पहिल्या वर्षी महिना ३०००, दुसऱ्या वर्षी ४००० रुपये. रजा दोन्हीकडे वर्षाला १२ च.

चादरकाठ:
शिल्लक-पत्रांचा मुद्दा मी मान्य करतो, तिथे आपण कमी पडतो. पण म्हणून शहर सोडावं हे अजूनही पटत नाही, फर्म पारखून घ्यावी. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: मागच्या ३१ मार्चला साठामोजणीला कोण आर्टिकल गेला होता? शिल्लक-पत्रं कोण पाठवतं? दुसऱ्या वर्षी ९ ते १२ महिन्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगला (कंपनीतल्या प्रशिक्षणाला) सोडणार का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘पार्टी बघते’ असं आलं, तर खुशाल पुण्याची गाडी धरा.