बर्लिनचं एक सेमिस्टर: शिक्षण की महागडी सहल?

हिशेबी_बाप:

लेक पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी बर्लिनला जायला तिची निवड झालीय. घरात पेढे वाटून झाले. तोंड पाडून बसलेला मी एकटाच, म्हणून इथे लिहितोय.

पालकसभेत पडद्यावर ब्रांडेनबुर्ग गेट आणि त्यापुढे उड्या मारणारी पोरं. 'ग्लोबल एक्स्पोजर' मी मोजलं, नऊ वेळा आलं. फीचा विषय एकदाच निघाला, तोही मी काढला म्हणून. उत्तर मिळालं की करारानुसार तिकडचं विद्यापीठ फी माफ करणार, इथली मात्र नेहमीप्रमाणे भरायची. आता गंमत बघा. बर्लिनची सरकारी विद्यापीठं बीएच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांना मुळात फीच घेत नाहीत, भारतीयांकडूनही नाही. सेमिस्टरला तीन-साडेतीनशे युरोंच्या आसपास वर्गणी असते, तिच्यात प्रवासाचा पासही येतो. म्हणजे जी फी तिथे नाहीच, ती 'माफ' करून आणल्याबद्दल मी इथे पावणेदोन लाख मोजायचे. फी कोथरूडला, तास बर्लिनच्या डालेम भागात!

वर राहणं-खाणं. व्हिसासाठी २०२४च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२. विमान, विमा, थंडीचे कपडे वेगळे. लाइट बिलाच्या पाठीवर बेरीज केली आणि बायकोला न दाखवता घडी घालून ठेवली.

बरं, शिकणार काय? पोरीचं जर्मन ए-१, म्हणजे अगदी पहिली पायरी. तिथले बीएचे बरेचसे वर्ग जर्मनमधून. इंग्रजीतले जे थोडे आहेत तिथे बसणार सगळे असेच पाहुणे. त्यापेक्षा बीए इथे पुरं करावं, तोवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात बी-२ पर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत, भाषा करावी आणि सरळ दोन वर्षांच्या एमएला तिथे जावं. मत बदलायला तयार आहे, पण 'अनुभवाने माणूस समृद्ध होतो' छापाचं काही लिहू नका.

दहा_वाजून_पंधरा:

काका, मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका सेमिस्टरला डालेमला फ्राये विद्यापीठात होते. फीबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर वादच नाही. पण 'शिकणार काय' हे तुम्ही फार झटकन निकालात काढलंत.

पहिल्या दिवशी दहाच्या तासाला पावणेदहाला जाऊन बसले. चिटपाखरू नाही. दहा वाजले, कोणी नाही. वाटलं इमारत चुकली. सव्वादहाला सगळे आले, मागोमाग बाई. वेळापत्रकात दहापुढे 'सी. टी.' लिहिलेलं असतं, म्हणजे पाव तास उशिराने. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर त्या बाईंनी चाळीस पानं वाचायला दिली होती. मी रात्रभर वाचून सारांश घडाघडा म्हणून दाखवला, आपल्याकडे म्हणतात तसा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, लेखक कुठे चुकतोय?" मला काही बोलताच येईना. छापलेलं चुकीचं असू शकतं, हे मला वीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. तास संपला की पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. त्या दिवशी ती टकटक मला माझ्याच डोक्यावर वाजल्यासारखी वाटली.

शेवटी परीक्षा नाही, पंधरा पानांचा निबंध. विषय आपणच शोधायचा. माझा प्रश्न नक्की व्हायलाच तीन आठवडे गेले. आणि हो, वर्गात निम्मे पाहुणेच होते. पण पोलंडची मुलगी आणि मेक्सिकोचा मुलगा फाळणीबद्दल विचारायला लागले की आपल्याला किती कमी माहितीय ते कळतं.

अवांतर: आमचा एक तास ईनेश्ट्रास २२ या इमारतीत असायचा. १९२७ साली तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. इरावती कर्वे पीएचडीला इथेच होत्या, संस्थेचा संचालक ऑयगेन फिशर याच्या हाताखाली. कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे हे फिशरचं गृहीतक. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि संबंध दिसत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. गुरूच्याच संस्थेत बसून! आता तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात आणि दारापाशी १९८८ सालची पाटी आहे, त्या संस्थेच्या नाझी काळातल्या पापांची.

मास्तर_निवृत्त:

इरावतीबाईंना या सेमिस्टरवाल्यांच्या पंगतीत बसवू नका. त्या १९२८ ते १९३० अशा सलग तिथे राहिल्या, काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन. सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, जायला विरोध होता. काम तडीस नेऊन, पदवी घेऊन परतल्या. चार महिन्यांत माणसाला त्या शहरातली बेकरी कळते, विद्यापीठ नाही. एवीतेवी त्यांचं उदाहरण धागाकर्त्याच्याच बाजूचं आहे.

दहा_वाजून_पंधरा:

मास्तर, बेकरी मला दुसऱ्याच दिवशी कळली. :) पण सर, पीएचडीला जाणारी बाई आणि विसाव्या वर्षी 'पुढे काय' असा प्रश्न पडलेली मुलगी, दोघींना एकच गज कसा लावता? मी त्या सेमिस्टरनंतर अर्थशास्त्र सोडून इतिहासाकडे वळले. दोन वर्षांच्या एमएला थेट गेले असते तर चुकीच्या विषयात अडकले असते.

परभणी_एक्स्प्रेस:

मी हिशेबी_बाप यांच्या बाजूने. मी एमए तिथेच केलं. व्हिसासाठी अकाउंटमध्ये वर्षभराचे पैसे अडकवायला वडिलांनी काय काय केलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्या सेमिस्टरला एका विषयात ५.० मिळाले. मी खूष. घरी फोन करून सांगितलं, पाचपैकी पाच. आईने शेजारी साखर वाटली. दोन दिवसांनी रूममेटने समजावलं, इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास आणि ५.० म्हणजे नापास. आईला ते मी अजून सांगितलेलं नाही.

सांगायचं काय, तर गाडी रुळावर यायलाच एक सेमिस्टर जातं. नेमकं तेव्हाच या मुलांचं परतीचं विमान असतं. वर जातात कोण? ज्यांच्या घरी लाइट बिलाच्या पाठीवर अशी बेरीज करायची ऐपत आहे तेच. आमच्या कॉलेजात अशी सभा झालीच नाही. राग नाही, पण याला 'शिक्षणाची संधी' म्हणताना जरा अडखळायला होतं.

हिशेबी_बाप:

परभणी_एक्स्प्रेस, साखरेचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. शेवटचा मुद्दा मात्र लागला. ऐपत आहे म्हणूनच मी तक्रार करू शकतोय, हे खरंय.

नोयकोल्नची_आत्या:

चौदा वर्षं इथे बर्लिनला आहे. तुम्ही सगळे तत्त्वज्ञान करताय आणि खरा प्रश्न कोणीच विचारत नाहीये: खोली मिळाली का?

इथे घरात शिरल्यापासून चौदा दिवसांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाचं पत्र लागतं. पोटभाड्याने देणारे बरेच जण म्हणतात, राहा पण नोंद करू नका. मग पुढची कामं अडतात. दर ऑक्टोबरला कुणाची तरी भाची माझ्या सोफ्यावर येऊन पडते, सामानाचं वजन कमी आणि डोळ्यांत पाणी जास्त. वसतिगृहाची खोली करारात असेल तर पाठवा, नसेल तर मी मास्तरांच्या बाजूने.

दुसरं, ऑक्टोबरचं सेमिस्टर म्हणजे डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळणार. हे पुण्याच्या पोरांना कागदावर कळत नाही.

आणि भाषेचं म्हणाल तर इथल्या कॅफेत जर्मन बोलायला गेलं तरी वेटर इंग्रजीवर येतो. २०१७ साली येन्स श्पान या पुढाऱ्याने यावरच जाहीर त्रागा केला होता. माझं त्याच्याशी बाकी कशावरही पटत नाही, एवढ्यावर मात्र पटतं. नुसतं इथे राहून जर्मन येईल ही आशा सोडा.

दोन_बॅकलॉगची_आई:

आत्याबाईंना अनुमोदन, आणि एक भर. तिथल्या हिवाळी सेमिस्टरचे वर्ग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, कागदावर सेमिस्टर संपतं ३१ मार्चला. निबंध बहुतेक त्या सुट्टीतच द्यायचे. आपल्याकडचं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू! माझा मुलगा परतला तेव्हा इथे पहिली अंतर्गत परीक्षा होऊन गेली होती. कॉलेज म्हणालं, तिकडच्या ३० क्रेडिटपैकी १८च धरू, बाकीचे विषय 'आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत'. पाठवताना जुळत होते. दोन पेपर पुन्हा द्यावे लागले.

तरीही धाकटीला पाठवेन, पण एप्रिल ते जुलैच्या सत्राला. आणि कुठल्या विषयाच्या बदल्यात इथला कुठला विषय धरणार, ते सही-शिक्क्यानिशी आधी हातात घेऊन.

मास्तर_निवृत्त:

म्हणजे पोरगी जायची शिकायला आणि आईबापांनी वकिली करायची. माझं मत कायम. चहा थंड झाला, उठतो.

हिशेबी_बाप:

आज कॉलेजला मेल टाकला. तीन प्रश्न विचारले: खोली, क्रेडिट आणि आमची फी निदान अर्धी का होऊ नये. तिसऱ्याचं उत्तर येणार नाही, ठाऊक आहे.

दरम्यान लेकीने धागा वाचला. म्हणाली, "बाबा, सगळ्यांना विचारलंत, मला तिथे कुठला विषय घ्यायचाय ते मला नाही विचारलंत." विचारलं. शहरांचा इतिहास, इंग्रजीतून, आणि सोबत रोज सकाळी जर्मनचा वर्ग. यादी तिच्याकडे महिनाभर तयार होती. फीबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही, पण ए-१वरून जी टिंगल केली ती मागे घेतो.

नोयकोल्नची_आत्या:

छान. खोलीचं पत्र हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. सोफा या वर्षी आधीच बुक आहे.