प्लेटलेट्स सात लाखांवर, तीन महिने उतरतच नाहीत

प्रश्न:
आईचं वय ६१. नेहमीच्या तपासणीत प्लेटलेट्स ७ लाख १२ हजार आल्या. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी इन्फेक्शन असेल. महिन्याने ७ लाख ४०, परवा ७ लाख ३०. ताप नाही, सांधेदुखी नाही. आता रक्तविकारतज्ज्ञांनी जाक टू (रक्तावरची जनुकीय चाचणी) आणि बोन मॅरो (हाडातला मगज काढून तपासणं) सांगितलंय. बोन मॅरोचं नाव ऐकूनच आई रडायला लागली. खरंच गरज आहे का?

प्रतिसाद १:
मला इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया आहे, म्हणजे मगजातच प्लेटलेट्स जास्त तयार होण्याचा आजार. निदानाला दीड वर्ष गेलं, कारण प्रत्येकाने एकेक रिपोर्ट सुटा पाहिला. रात्री माझे तळपाय लालबुंद होऊन जळजळायचे, मी गार फरशीवर पाय टेकून बसायचे. डोकं दुखलं म्हणून ॲस्पिरिन घेतली आणि पायच शांत झाले. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), सीआरपी (सूज दाखवणारी चाचणी) झालं का? लोह कमी असलं किंवा शरीरात कुठे सूज असली तरी प्लेटलेट्स वाढतात, आणि बहुतेकांचं कारण तेच निघतं. ते नसेल आणि आकडा साडेचार लाखांवरच राहिला, तर मात्र खोलात जावंच लागतं. जाक टू हा जनुकीय बदल माझ्या आजाराच्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत सापडतो. माझा निगेटिव्ह आला, घरी सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पुढे कॅलआर हा दुसरा जनुकीय बदल पॉझिटिव्ह निघाला! म्हणून एका निगेटिव्हवर थांबू नका. बीसीआर-एबीएल ही जनुकीय चाचणीही करून घ्या, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (एक रक्ताचा कर्करोग) नाही ना हे त्यावरून कळतं.

बोन मॅरो टाळू नका. सुरुवातीचा मायलोफायब्रोसिस (मगजात तंतू साठण्याचा आजार) रक्तात अगदी असाच दिसू शकतो, आणि तो पुढे वेगळ्या वाटेने जातो. आईंना खरं सांगा: कमरेमागचं हाड बधिर करतात, सुई टोचलेली फारशी कळत नाही, पण मगज ओढताना मांडीपर्यंत कळ जाते. काही सेकंदच.

प्रतिसाद २:
मी लॅबमध्ये काम करतो. पोटॅशियम जास्त आलं तर घाबरू नका, प्लाझ्मावर (न गोठू दिलेल्या रक्तातल्या द्रवावर) पुन्हा करायला सांगा. रक्त गोठताना प्लेटलेट्समधून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळे सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) आकडा फुगतो. आणि ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. प्लेटलेट्स दहा लाखांच्या वर गेल्या की काहींना उलट रक्तस्राव होतो.

प्रश्नकर्ती:
ताई, दादा, खूप आभार. फेरिटिन झालंच नव्हतं, उद्या देतोय. आईला पायांचं विचारलं. म्हणाली, "थंडीतसुद्धा पांघरुणाबाहेरच काढून झोपते, आग होते ना." आम्हाला ती सवय वाटायची.