शब्दचर्चा : घोर लागतो, ताण येतो, मग धसका ‘घेतला’ असे का म्हणतात?

प्रश्न (समुपदेशक, लातूर जिल्हा)

नमस्कार. आमच्या तालुक्यात मानसिक आरोग्याविषयी गावोगावी सभा घ्यायच्या आहेत आणि त्यासाठी एका पानाचे माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्याच ओळीत मी अडले. ‘ताण’ लिहावे की ‘तणाव’, ‘डिप्रेशन’साठी ‘नैराश्य’ घ्यावे की ‘औदासीन्य’ की ‘विषण्णता’, हा प्रश्नाचा एक भाग झाला. खरी अडचण अशी, की सभेला येणाऱ्या बाया यांपैकी एकही शब्द वापरत नाहीत. त्या म्हणतात, ‘करमंना बघा मॅडम’, ‘काही सुदरंना’, ‘जिवाला घोर लागलाय’, ‘सासऱ्यानं हाय खाल्ली’. हे शब्द पत्रकात घ्यावेत, की त्यामुळे आजार किरकोळ वाटू लागेल?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, परभणी)

ताई, आधी सोपे सांगून टाकतो. ‘ताण’ हा ‘ताणणे’ या क्रियापदाच्या कुळातला शब्द आहे, आणि तंबूच्या दोरांना आपल्याकडे ‘तणावे’ म्हणतात. वर्तमानपत्री मराठीत ‘तणाव’ बहुधा दोन पक्षांमध्ये असतो, म्हणजे दोन गावांत किंवा दोन गटांत. एका माणसावर येतो तो ‘ताण’. इंग्रजीतला ‘स्ट्रेस’ हा शब्दही पूर्वी धातू आणि तुळया यांच्या संदर्भात वापरला जाई. शरीर संकटाला जो प्रतिसाद देते त्यासाठी तो विसाव्या शतकात हान्स सेल्ये या संशोधकाने रूढ केला. तेव्हा ‘ताण’ लिहावे.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती नामांना जोडलेली क्रियापदे. ‘मला ताण आला’, ‘तिला घोर लागला’, ‘मला करमेना’, ‘झोप येईना’ या वाक्यांत माणूस कर्ता नाही. जे होते आहे ते त्याच्यावर येऊन पडलेले आहे आणि त्याच्या इच्छेवर ते चालत नाही, हे आपले व्याकरण न शिकवता सांगते. परंतु ‘त्याने धसका घेतला’, ‘त्याने हाय खाल्ली’, ‘तू टेन्शन घेऊ नको’ असे म्हणताच माणूस कर्ता होतो, आणि जी गोष्ट त्याने घेतली ती त्याने ठरवले तर खाली ठेवताही येईल, असा अर्थ नकळत शिरतो. आजारी माणसाला दोष देणारे आपण सगळेच काही दुष्ट नसतो. पुष्कळदा वाक्याची घडणच आपल्याकडून ते बोलवून घेते.

‘खचणे’ हा शब्द मात्र जरूर घ्या. विहीर खचते तेव्हा ‘विहिरीने मन घट्ट करावे’ असे कोणी म्हणत नाही.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ, अंबाजोगाई)

गुरुजींनी सांगितलेले ‘घेऊ नको’ मी बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकतो. बरोबर आलेला नातेवाईक माझ्यासमोरच रुग्णाला सांगतो, ‘डॉक्टर पण तेच म्हणणार, टेन्शन घेऊ नको’. मी तसे म्हणत नाही, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

‘करमंना’ किरकोळ नाही. करमणे आणि करमणूक हे एकाच घरातले शब्द आहेत, आणि ज्यात एरवी जीव रमतो त्यात तो रमेनासा होणे हे नैराश्याच्या आजाराच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे सतत खिन्न वाटणे. यांपैकी एक तरी लक्षण किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकून असेल, जोडीला झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांत बिघाड असेल, स्वतःला दोष देणे किंवा मरणाचे विचार असतील आणि रोजची कामे अडू लागली असतील, तर तो आजार असण्याची शक्यता धरून तपासणी करावी लागते. पेरणीच्या तोंडावर पाऊस लांबला म्हणून चार रात्री झोप न येणे हा ताण आहे. पाऊस पडला, पीक उभे राहिले, तरी शेताकडे फिरकावेसे वाटत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. म्हणूनच ‘नैराश्य’ या शब्दाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. आशा संपणे हे आजाराचे एक लक्षण आहे, आणि आपण लक्षणाचेच नाव आजाराला दिले आहे. तरी आता तो रुळला आहे, त्यामुळे तोच ठेवा.

कारणांविषयी लिहाल तेव्हा एकवचन टाळा. ‘धसका’ म्हटले की कारण एखादी घटना ठरते, ‘बाहेरचं’ म्हटले की भूत, ‘डोक्यात बिघाड’ म्हटले की केवळ मेंदू, आणि ज्याच्या नावावर कारण जाते त्याच्याच दारात रुग्ण नेला जातो. प्रत्यक्षात आनुवंशिकता, मेंदूतील बदल, लहानपणीचे आघात, दारू, थायरॉईडसारखे शारीरिक आजार, बाळंतपण, कर्ज, एकटेपणा यांतील अनेक गोष्टी एकत्र येतात. पेरलेले उगवले नाही तर शेतकरी केवळ बियाण्याला बोल लावत नाही. तो ओल पाहतो, खोली पाहतो, वाफसा होता का ते आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा एकाच गल्लीतल्या दोन माणसांनी तीच जमीन हलताना अनुभवली. त्यानंतर एखादा महिन्याभरात सावरतो आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षे छताखाली झोप येत नाही, ते याचमुळे.

उत्तर (वकील, नांदेड)

कायद्याची भाषाही पाहण्याजोगी आहे. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ होते, म्हणजे चंद्रामुळे वेड लागते या जुन्या समजुतीतून आलेला शब्द. 1987 च्या कायद्याने तो काढला. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये विचार, भावस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतील असा गंभीर बिघाड, की ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा जगण्याच्या साध्या गरजा निभावण्याची क्षमता फार खालावते, अशी मानसिक आजाराची व्याख्या आहे. याच कायद्याचे 115 वे कलम सांगते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे. रोजच्या बोलण्यातला ‘ताण’ असा कायद्यात येऊन बसला आहे.

उत्तर (उपचार घेणारा एक वाचक, बीड)

गुरुजींचा मुद्दा मला अर्धाच पटतो. माझ्या वडिलांनी ‘हाय खाल्ली’ असे गाव म्हणत होते तेव्हा घरी माणसे बसायला येत, भाकरी पाठवत. मला ‘मानसिक आजार’ आहे असे कागदावर आले आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. कर्ता कोण, यापेक्षा शब्द ऐकून शेजारी उंबरा ओलांडतो की नाही, हे मी पाहतो. ‘मनोरुग्ण’ हा शब्द मात्र पत्रकात नको. मधुमेह झालेल्याला मधुमेही म्हणतात, हे मान्य. पण मधुमेही म्हणून कोणाला शेजारच्या पोरांनी दगड मारलेले मी पाहिलेले नाहीत.

उत्तर (मनोविकारतज्ज्ञ, अंबाजोगाई)

आपले म्हणणे मी मान्य करतो. नाव बदलल्याने फरक पडतो असे मानून जपानने 2002 मध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे तिथले जुने नावच बदलले, कारण त्याचा अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’ असा होत होता. आपली ‘छिन्नमनस्कता’ त्याच अर्थाची आहे आणि त्यामुळे एका देहात दोन माणसे, असा गैरसमज पसरतो. मी ‘स्किझोफ्रेनिया’च म्हणतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘टेन्शन घेऊ नका’ ही ओळ मी खोडली. ‘मनोरुग्ण’च्या जागी ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ लिहिले, जरा लांबते तरी. ‘हाय खाल्ली’ ठेवले आहे. सुरुवात आता ‘करमेना, झोप येईना, काही सुधरेना, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर’ अशी आहे आणि खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे. बाधेविषयी काय लिहावे हे ठरत नव्हते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडातही भुताची ‘झडपणी’ येते, इतका तो शब्द जुना आहे. शेवटी ‘देवाला जायचे तर जा, पण दवाखाना चुकवू नका’ असे लिहिले.

काल कच्चे पत्रक आमच्या आशाताईंना वाचून दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, ‘हे सगळं बायांचं झालं. गडीमाणसं करमंना म्हणतेत का कधी? ते डोकं दुखतंय म्हणतेत, न्हाय तर काहीच म्हणत न्हाईत आन् गुत्त्यावर जातेत.’ पहिल्या ओळीत ‘डोके दुखते’ घातले आहे. जे काहीच म्हणत नाहीत त्यांच्यासाठी कोणता शब्द घालावा, तेवढे सुचवावे.