इलेक्ट्रिशियनचं इथलं सर्टिफिकेट परदेशात पुन्हा शून्यापासून का?

परळकर_वायरमन
मंडळी, एका विषयावर मतं हवीयत, माझं मत आधीच सांगून टाकतो. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स, त्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप करून तिचं राष्ट्रीय सर्टिफिकेट म्हणजे एनएसी घेतलं, महाराष्ट्राच्या लायसन्सिंग बोर्डाचं वायरमन परमिट आहे. लोअर परळच्या टॉवरांमध्ये मजल्यामजल्याला वीज नेणाऱ्या बसबार ट्रंकिंगपासून फ्लॅटच्या डीबीपर्यंत, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डापर्यंत, सगळं काम केलंय. आता ऑस्ट्रेलियाचा विचार चाललाय तर चौकशी केल्यावर कळलं ते असं, की ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया म्हणजे टीआरएच्या पद्धतीत आधी कागद तपासणार, मग टेक्निकल तपासणी होणार, त्यात पास झालो तर ओटीएसआर नावाचं रेकॉर्ड मिळणार, आणि एवढं सगळं करून तिकडे उतरलो तरी मी इलेक्ट्रिशियन नाहीच. ते रेकॉर्ड दाखवून राज्याकडून प्रोव्हिजनल लायसन काढायचं, लायसनवाल्याच्या देखरेखीखाली साधारण वर्षभर काम करायचं, जोडीला गॅप ट्रेनिंग म्हणजे तिथल्या नियमांचं राहिलेलं शिक्षण, तेव्हा कुठे पूर्ण लायसन.

माझं म्हणणं, परीक्षा घ्या, कितीही कडक घ्या, मला भीती नाही. पण पास झाल्यावरसुद्धा माणसाला पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली उभं करायचं हा कारागिराचा अपमान आहे. इथे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, तिथेही तेच. वीज काय मेलबर्नला वेगळी वाहते का? ज्यांना हा नियम बरोबर वाटतो त्यांनी कारण सांगावं.

मुलुंड_ते_मेलबर्न
दादा, मला बरोबर वाटतो आणि कारण सांगतो. मी यातूनच गेलोय.

वीज तीच आहे पण वायरिंग तेच नाहीये. आपण तीन फेजना आर-वाय-बी शिकलो, लाल पिवळा निळा. इथे एएस/एनझेडएस ३००० म्हणजे वायरिंग रूल्समध्ये पिवळी वायर लाइव्हला वापरायलाच बंदी आहे, कारण पिवळा हा अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्याच्या जवळचा. तुमचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने पिवळी वायर फेजला लावणार, विचार करायच्या आधी लावणार, आणि उद्या दुसरा कोणी येऊन ती अर्थिंगची समजून पकडणार.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. इथे एमईएन सिस्टम आहे, मेन स्विचबोर्डात न्यूट्रल आणि अर्थ लिंकने जोडलेले असतात. आपल्याला काय शिकवलंय? गिऱ्हाइकाच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करायचे नाहीत, अर्थचा खड्डा वेगळा. आता एमईएनमध्ये सप्लायचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या नळाला, शॉवरला करंट येऊ शकतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण फॉल्ट शोधताना डोक्यात आधी हेच यायला पाहिजे आणि ते चार भिंतींच्या परीक्षेत तपासता येत नाही, साईटवर कोणाच्या तरी शेजारी उभं राहूनच येतं. शिवाय प्रत्येक कामाच्या शेवटी टेस्टिंग, अर्थ कंटिन्युइटी, इन्सुलेशन रेझिस्टन्स, पोलॅरिटी, फॉल्ट लूप, आरसीडी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, आणि मग सर्टिफिकेटवर लायसनवाल्याची सही. ती सही म्हणजे कायद्याने जबाबदारी. मुंबईत किती साईटवर फ्लॅट ताब्यात द्यायच्या आधी इन्सुलेशन तपासायचा मेगर बाहेर निघतो, तुम्हीच सांगा.

परळकर_वायरमन
मी काढतो मेगर. आणि माझ्या हाताखालची पोरंही काढतात.

रंगांचा मुद्दा मान्य, एमईएनचाही मान्य. पण हे शिकायला वर्ष लागतं का हो? रंग आणि एक लिंक, त्यावर पंधरा दिवसांचा कडक कोर्स ठेवा, फी घ्या, वर परीक्षा घ्या. इंग्लंडने तर २००४ ते २००६ च्या दरम्यान स्वतःचेच रंग बदलले, आपल्यासारखे लाल पिवळा निळा होते ते तपकिरी काळा राखाडी झाले, तेव्हा तिथल्या सगळ्या इलेक्ट्रिशियनना वर्षभर हाताखाली बसवलं नव्हतं. आपल्यालाच का?

ठाणेकर_टोरंटो
परळकरांच्या बाजूने अर्धा, विरुद्ध अर्धा.

इकडे कॅनडात, ओंटारियो प्रांतात, मामला वेगळा आहे. इथे ३०९ए नावाचा ट्रेड, कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. स्किल्ड ट्रेड्स ओंटारियोकडे ट्रेड इक्विव्हलन्सी असेसमेंट करायची, म्हणजे तुमचा अनुभव इथल्या अ‍ॅप्रेंटिसइतका आहे हे कागदाने दाखवायचं. इथला अ‍ॅप्रेंटिस कामाचे आणि वर्गाचे मिळून ९,००० तास भरतो, तेवढं तुम्ही सिद्ध केलंत की थेट परीक्षेला बसा, सत्तर टक्के मिळवा, लायसन घ्या. परत कोणाच्या हाताखाली नाही. म्हणजे परळकर म्हणतायत ती पद्धत जगात आहे आणि चालते. इथे सप्लाय १२०/२४०, ६० हर्ट्झ, काळी वायर लाइव्ह आणि पांढरी न्यूट्रल, आपल्या बरोब्बर उलट, भिंती लाकडाच्या सांगाड्याच्या, कंड्युटच्या ऐवजी केबल सरळ लाकडाला स्टेपल करायची. फरक मेलबर्नपेक्षा जास्तच, तरी परीक्षेवर भागतं.

पण विरुद्ध अर्धा असा की परीक्षेपर्यंत पोचतं कोण? आपली माणसं परीक्षेत नाही, त्या तासांच्या कागदावर अडकतात. माझ्या ओळखीचे निदान चार चांगले हात तिथेच थांबले.

भांडुप_पश्चिम
ठाणेकर अगदी नेमकं बोलले, खरी लढाई इथे मुंबईत आहे आणि आपण मेलबर्नला शिव्या घालतोय.

अनुभवाचं पत्र कसं लागतं बघा: कंपनीच्या लेटरहेडवर, कधीपासून कधीपर्यंत, फुल टाइम की पार्ट टाइम, रोजची कामं कोणती, हत्यारं आणि मशिनरी कुठली, लिहिणाऱ्याचा हुद्दा आणि फोन. आणि ते पत्र खरं हे दाखवायला पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, टॅक्सचे कागद. आता आपल्याकडे सब-कॉन्ट्रॅक्टरकडे काम करणाऱ्याला काय मिळतं, शनिवारी पाकिटात रोख. हजेरीची वही कॉन्ट्रॅक्टरच्या बॅगेत, साईट संपली की वही गेली. पीएफ कापला तर नशीब. मी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त काम केलं त्याच्याकडे पत्र मागायला गेलो तर म्हणाला तुझं नाव मस्टरवर कधी नव्हतंच, मी कशावर सही करू. त्याचंही कागदावर खरंच होतं. वर्षं माझी आणि पुरावा कोणाकडेच नाही.

आणि लायसनचं तर बोलूच नका. लायसन एकाचं, सही दुसऱ्याची, काम तिसऱ्याचं. तिसऱ्याला काम येतं पण तो कुठल्याच कागदावर नाही.

मुलुंड_ते_मेलबर्न
आणि म्हणूनच ते वर्षभराचं सुपरव्हिजन आहे, भांडुपदादा! कागदावर भरवसा ठेवता येत नाही तेव्हा डोळ्यासमोर काम बघणं हाच एक मार्ग उरतो. त्यात दादर-कुर्ल्याला पैसे टाकून अनुभवाचं पत्र विकत मिळतं हे इथल्या अधिकाऱ्यांना कळत नाही असं वाटतं का? खोट्या पत्रांची शिक्षा खऱ्यांना होते हे वाईट आहे, पण ती शिक्षा ऑस्ट्रेलियाने नाही ठरवली, ती आपल्या बाजारानेच ठरवली.

नलिनी_शिल्पनिदेशक
मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते, त्यामुळे थोडं लांब लिहीन, राहवत नाहीये.

मुलुंडवाले दादा, "आपल्या बाजाराने" म्हणून सगळं पोरांच्या गळ्यात घालू नका. इंजिनियरची डिग्री घेतलेल्या मुलाची गोष्ट बघा. त्याच्यासाठी २०१४ पासून भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनियरिंगच्या डिग्र्या एकमेकांत मानायच्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, कॉलेजच्या कोर्सला आपल्या एनबीए या मान्यता मंडळाची योग्य मान्यता असली तर त्याची डिग्री सही करणाऱ्या देशांत समकक्ष धरतात. त्या त्या देशांच्या मान्यता देणाऱ्या संस्था टेबलावर बसल्या आणि त्याचा प्रश्न बराचसा सुटला. माझा विद्यार्थी दोन वर्षं वर्कशॉपमध्ये घाम गाळून एनटीसी म्हणजे आयटीआयचं राष्ट्रीय सर्टिफिकेट घेतो, अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१ चा आहे, म्हणजे पद्धत काल जन्मलेली नाही, देशभर एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, एनएसक्यूएफ या राष्ट्रीय कौशल्य आराखड्याची लेव्हल छापलेली, तरी त्याच्यासाठी असा टेबल कोणी मांडला नाही. भारत आणि ऑस्ट्रेलियाने मार्च २०२३ मध्ये एकमेकांच्या शिक्षणाला मान्यता देण्याचा करार केला, पण लायसन लागणाऱ्या कामाला त्याने काही फरक पडत नाही, तिथे शेवटचा शब्द राज्याच्या बोर्डाचाच. हाताने काम करणाऱ्याचं शिक्षण कमी प्रतीचं ही समजूत परदेशातल्यापेक्षा आधी आपल्याकडे आहे. घरी पाहुणे आले की आई-वडील मुलगा आयटीआयला आहे हे हळू आवाजात सांगतात, मी हे डोळ्यांनी बघते.

परळकर, तुमचा राग मला पटतो. पण वर्षभराच्या देखरेखीवर मी तुमच्या विरुद्ध आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये आरसीसीबी, म्हणजे तिकडच्या आरसीडीसारखाच स्विच, शिकवतो, पण मुलं बाहेर जिथे जातात त्या जुन्या चाळींमध्ये अजून पोर्सेलिनचे फ्यूज आहेत. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या रूल्समध्ये घरातल्या प्रत्येक फायनल सर्किटला ३० मिलीअँपचं आरसीडी सक्तीचं आहे. रोज ज्यात हात घातला नाही ते एका परीक्षेने अंगात मुरत नाही.

परळकर_वायरमन
मॅडम, तुमचं वाचून बरं वाटलं. पण मी चाळीत नाही, टॉवरात काम केलंय, तिथे आरसीसीबी पण आहेत आणि बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टम पण. मग माझं आणि चाळीतल्या पोराचं वर्ष एकाच मापाने का? माणूस बघून ठरवा. कोणाला तीन महिने पुरतील, कोणाला दीड वर्ष लागेल. ओटीएसआरमध्ये कुठे कमी पडतो ते लिहितातच ना, मग त्यावरून मुदत ठरवा की.

स्टुटगार्टची_सून
जर्मनी कोणी काढलं नाही म्हणून लिहिते, माझे मिस्टर याच लाइनमध्ये आहेत. इकडे साधारण परळकर म्हणतायत तसंच आहे. एलेक्ट्रोनिकरचं म्हणजे इलेक्ट्रिशियनचं ट्रेनिंग इथे साडेतीन वर्षांचं, आपलं आयटीआय दोन. अर्ज आयएचके फोसा या मान्यता केंद्राकडे किंवा हांडवेर्क्सकामर म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडे, फी साधारण १०० ते ६०० युरो, ते विषयवार तुलना करतात, अनुभवही धरतात आणि लेखी सांगतात की एवढं जुळलं, एवढं नाही. बहुतेकदा अर्धी मान्यता येते, आणि जेवढं कमी तेवढंच शिकायचं. मार्च २०२४ पासून तर मान्यतेच्या आधीच नोकरी धरून येता येतं आणि मान्यता इथे राहून पूर्ण करता येते, जर्मन भाषा मात्र ए२ लेव्हलची हवी. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला त्यात इलेक्ट्रिशियनही होते.

पण सगळं गोड नाही. नोकरी करू शकता, स्वतःचं दुकान टाकायचं तर माइस्टर ही वरची पदवी लागते, ती वेगळीच चढण.

कुर्ला_नेहरूनगर
तुम्ही सगळे पाच-दहा लाखवाल्या देशांवर बोलताय, मुंबईतून जाणारे बहुतेक वायरमन गल्फला जातात. सौदीने आता जायच्या आधीच स्किल व्हेरिफिकेशनची टेस्ट लावलीये, इलेक्ट्रिशियन पहिल्या काही ट्रेडमध्येच होता. माझं मत, ही चांगली गोष्ट आहे. आधी एजंटच्या ट्रेड टेस्टला काय व्हायचं, बोर्डावर दोन कनेक्शन मारून दाखवा की पास, आणि तिकडे गेल्यावर सांगायचे तू हेल्पर, पगार हेल्परचा. आता टेस्टचा कागद स्वतःच्या नावावर असतो, मालकाला निदान दाखवता येतो. ज्याला मान्यता म्हणजे अपमान वाटतो त्याने मान्यता नसताना काय होतं तेही बघावं.

आणि एक, रजिस्टर्ड एजंटला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड-दोन लाख देणारे रोज भेटतात. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटचा नंबर तपासल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका रे.

परळकर_वायरमन
कुर्लावाले भाऊ, मान्यतेला मी अपमान म्हणालोच नाही, मान्यता मिळाल्यावरही न मिळाल्यासारखं वागवणं त्याला म्हणालो. तुमच्या सौदीच्या कागदाने माणूस हेल्परचा इलेक्ट्रिशियन होतो, माझ्या ओटीएसआरने मी इलेक्ट्रिशियनचा देखरेखीखालचा होतो. फरक आहे.

मुलुंड_ते_मेलबर्न
परळकर, माणूस बघून मुदत ठरवा हे ऐकायला बरं वाटतं, पण ठरवणार कोण? तपासणारा तुम्हाला काही तास बघणार. वर्षात उन्हाळा येतो, छतात पन्नास डिग्रीला रांगत केबल ओढावी लागते, पावसाळी फॉल्ट येतात, सोलर इन्व्हर्टर, जुन्या घरातलं अ‍ॅस्बेस्टॉसचं मीटर पॅनल येतं. मला त्या वर्षात जे दिसलं ते कुठल्याही तीन महिन्यांत बसलं नसतं. पगार मिळतो, फुकट राबवत नाहीत.

परळकर_वायरमन
पगार मिळतो पण सहीचा अधिकार नाही, स्वतःचं काम घेता येत नाही, आणि जो लायसनवाला देखरेख करणार तो मिळेपर्यंत घरात बसायचं. नव्या देशात ओळख नसलेल्या माणसाला सुपरव्हायझर शोधायला लावणं ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि त्यावर अजून कोणी उत्तर दिलं नाहीये. नियम करणाऱ्यांनी देखरेख सक्तीची केली तर देखरेख करणारा मिळवून द्यायची जबाबदारीही घ्यावी.

मुलुंड_ते_मेलबर्न
या एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडण नाही. मलाही तोच काळ सगळ्यात जड गेला. वर्षाबद्दल मात्र मत बदलणार नाही.

भांडुप_पश्चिम
तुम्ही दोघं भांडत राहा, पण मॅडम, एक विचारायचं होतं. मस्टरवर नाव नव्हतं, पण मधली काही वर्षं पीएफ कापला होता, त्याचा यूएएन नंबर आहे. ते पासबुक पुरावा म्हणून चालेल का?

नलिनी_शिल्पनिदेशक
नक्की जोडा. पासबुकात मालकाचं नाव आणि महिनावार भरणा असतो, त्यामुळे तेवढ्या काळाचा पगारी कामाचा पुरावा उभा राहतो. पण काम काय केलं ते त्यातून दिसत नाही, म्हणून त्याच मालकाकडून कामाचं वर्णन असलेलं पत्र मागा, पीएफ भरलाय म्हटल्यावर "नाव नव्हतं" हे त्याला म्हणता येणार नाही. एनएसीची आणि परमिटची प्रत सोबत ठेवा. आणि अजून साईटवर असलेल्या सगळ्या पोरांना सांगा, पगार बँकेतच मागा, आजपासून.